एका शब्दात

वृद्ध कलावंतांच्या मानधनाचा अर्ज.
रकाना सात : कलाप्रकार.
जागा बोटभर.
बाबू म्हणाला, “एका शब्दात लिहा जी,
दुसरा शब्द कम्प्युटर घेत नाही.”

पेनचं टोपण काढून मी उभा.

आधी चिखल होता.
मामा तलावाच्या पाळीखाली उन्हाळ्यात
गाळ वाळून भेगाळला
की एकेक खपली म्हणजे एकेक पाटी.
बाबाच्या जाळ्यात आलेलं मी बाभळीच्या काट्यानं उतरवायचो :
मरळ, बोटरी, एकदा चुकून सापडलेलं कासव.
जाळं झटकत बाबा म्हणायचा,
“डोरा आखरीले काहाड रे पोट्या.
आंदी काहाडलास तं थो पाह्यते
अना परून जाते.”

तान्ह्या पोळ्याला सुताराच्या पडवीत
लाकडी नंदी रंगवले.
शिंगांना शेंदरी, झुलीला निळा, रुपयाला चार.
त्यातून घेतलेली स्लिपर
दोन्ही पाय डावे निघाली.

सातवीत शाळा सुटली, शाळेची भिंत नाही सुटली.
तिच्यावर मी हत्तीरोगाचा पाय काढला,
इतका हुबेहूब
की कोंडू आजा समोरून जाताना
धोतर खाली ओढायचा.
त्या पायाचे मला चाळीस रुपये मिळाले.
आजाशी मी नंतर नीट बोललो नाही.

मग वडशाची नाटक कंपनी.
धान कापलेल्या बांधीत मंडप,
माझे तीन पडदे : राजवाडा, जंगल, पोलीस ठाणं.
एका रात्री हवालदार आलाच नाही
तर हातातल्या ब्रशासकट मलाच आत ढकललं.
दोन वाक्यं होती.
तिसरं मी माझ्या मनानं बोललो, टाळी पडली.
पुढचे अकरा हंगाम रात्री हवालदार
आणि दिवसा मंडईत, बॅटरीवरची गोंदणमशीन घेऊन :
विंचू, तुळस, नवऱ्याचं नाव.
दोघींनी नाव अर्ध्यातच थांबवलं.
मी पैसेही अर्धेच घेतले.

शेवटी फ्लेक्स आलं. मी त्यातही शिरलो.
जाड चष्मा लावून, माऊस धरून,
वाढदिवसांच्या भाऊंना गोरं करत बसलो.

“लिहिलं का? आणि पुरावा?
फोटो, कात्रण, काहीतरी?”

पडदे वाळवीनं खाल्ले.
नंदींची चाकं पोरांनी त्याच आठवड्यात काढली.
कोंडू आजा गेला, त्याचा पाय आहे
चुन्याच्या चार थरांखाली.
हे बाबूला कसं सांगू?

तेवढ्यात मागून, निराधारचे कागद छातीशी धरलेली
एक बाई म्हणाली,
“अजी, मंडईतले मशीनवाले तुमीच ना?”
तिनं बाही वर सारली.
मनगटाच्या वर मरळ.
कातडी सैल झाली तशी
थोडी कोपराकडे सरकलेली.
डोळ्याच्या जागी काहीच नाही.

“बॅटरी उतरली म्हनलात,
डोरा उद्या काहाडतो म्हनलात.
उद्या गेली मी, तं तुमचा मंडपच उठला होता.”

बाबूनं चष्मा कपाळावर चढवला.
हात पाहिला. मासा पाहिला. बराच वेळ पाहिला.
“ठीक आहे,” म्हणाला,
“याची झेरॉक्स आणा.”

बाई हात पुढे धरून तशीच उभी.
पेन अजून उघडाच होता.