शेऱ्याचा रकाना

एप्रिल. तहसीलच्या रेकॉर्ड खोलीत कूलर आहे,
पाणी नाही.
पर्जन्य नोंदवही क्रमांक सात उघडते,
कसर झटकते, वाचते, टंकते:
बारा पूर्णांक चार. तीन पूर्णांक शून्य. अवाच्य.
कंत्राट अकरा महिन्यांचं,
वर्षं भरायची आहेत एकावन्न.

दिल्लीत कुठल्याशा मजल्यावर
एक आराखडा या रांगांसाठी थांबलाय म्हणे.
त्यात आमचा तालुका म्हणजे एक चौकोन,
तांदळाच्या कणीएवढा.
त्याला रंग द्यायचाय.

ऑगस्टात बोट अडतं.
शेजारची तिन्ही केंद्रं ओसंडून वाहताहेत,
एकशे ऐंशी, दोनशे चौदा,
आणि हिवरधरा: शून्य.
दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या.
नऊ दिवस, नऊ शून्यं, गोल, सुबक,
कुठे शाई फुटलेली नाही.
खाली सही: दे. गो. कुमरे, कोतवाल.

संगणक त्यांना लाल करतो.
सर म्हणतात, शेजाऱ्यांची सरासरी भर न,
एवढ्याशा गावानं काय देश बुडतो का?

शनिवारी मी एसटीनं गेले.

देवमन कुमरे बाजेवर मोहफुलं निवडत होते.
वही बाहेर नेता येत नाही;
फोनमधला फोटो दोन बोटांनी मोठा केला.
त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला.
"सही माहीच हाय," म्हणाले,
आणि बराच वेळ नुसते निवडत राहिले.

"पोळ्याच्या आदल्या राती नाला गावात शिरला, पोरी.
आमी चाळीस माणसं शाळंच्या सलाबवर,
अन् तीन बकऱ्या.
मापक चावडीपाशी, पुरुसभर पाण्याखाली.
सकाळी साडेआठले पाहाचा नेम.
म्या पाह्यलं. सलाबवरून पाह्यलं.
त्यातलं पावसाचं किती अन् नाल्याचं किती,
तूच सांग बरं?
मोजाची काच तेवढी धोतरात गुंडाळून वर आणली होती.
तिच्यात काय मोजू?
मापक घावला आठव्या दिशी, पऱ्हाटीत, उलटा.
साहेब म्हणे, रकाना रिकामा चालत नाही.
मंग जे मोजता नाही आलं
त्याले शून्य लिवलं."

मग काठी टेकत शाळेपर्यंत आले.
भिंतीवर खिळ्यानं ओढलेली रेघ,
वर तीन वेळा चुना बसलेला, तरी बोटाला लागते.
मी टेप लावला: दोन मीटर सदुसष्ट.
पण ही उंची पाण्याची, पावसाची नव्हे.
नाला वेगळ्या खात्याकडे आहे.

परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून हिशेब:
शून्य ठेवलं तर चौकोन फिकट पिवळा, कोरडा,
शेततळी येतील, पूल येणार नाही.
सरासरी भरली तर 'मध्यम',
आणि मध्यमाला कुणी काही देत नाही.
तिसरा एक आकडा असतो, उणे नऊशे नव्याण्णव.
यंत्राला त्याचा अर्थ एवढाच कळतो:
इथे त्या दिवशी कुणी पाहिलं नाही.

पाहिलं होतं की.

सोमवारी तोच आकडा टंकला, नऊ वेळा.
शेऱ्याच्या रकान्यात चाळीस अक्षरं मावतात.
लिहिलं:
निरीक्षक हजर. मापक पाण्याखाली.
बकऱ्या बसल्या नाहीत.

सर खुर्चीमागे येऊन उभे राहिले,
"असा शेरा कोण वाचते?"
मी खालच्या ओळीवर बोट ठेवलं होतं.
दहावा दिवस, सकाळी साडेआठ:
चार पूर्णांक दोन.
तोच हात. चाराची शेपटी
जराशी हललेली.