मरळु

कल्लोळला, दूधगंगा कृष्णेत शिरते त्या अंगाला
पूर उतरला की वाळूची एक पाठ वर येते,
पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी.
गेल्या साली अंबींच्या नावेच्या खुंटासमोर होती,
यंदा दोन शेतं खाली जाऊन बसलीय.

त्या पाठीवर काठीनं रेघ ओढून
आप्पा आम्हाला समुद्र दाखवायचे.
"हा दांडा. ह्या अंगाला लाटा,
त्या अंगाला खाजण,
वाटीतल्या आमटीएवढं गप पाणी."

आप्पा सर्व्हे खात्यात. नऊ वर्षं उडुपीकडं.
आणलं काय, तर गंजकी छत्री
आणि एका दगडाची गोष्ट.

"खाजणाच्या काठाला रोवला मी. नंबर कोरला.
दर पावसाळ्यात समुद्र दांड्यावरनं उडी घ्यायचा,
पुढची वाळू उचलून मागं टाकायचा,
खाजणाची ओटी भरायचा.
पुढनं झिजणं, मागनं वाढणं.
माझी बदली झाली तेव्हा दगड वाळूत बुडाला होता."

मग कधीतरी, मी कॉलेजात असताना,
शीना मोगवीराचं कार्ड आलं.
साहेब, तुमचा दगड सापडला.
समुद्राच्या अंगाला. लाटांत.

आप्पा जेवता जेवता थांबले.
"दगड जागचा हलला नाही गं.
बेटच त्याच्यावरनं चालत गेलं."

कार्ड कन्नडात. आईला तेवढं वाचता येईना.
एका शब्दावर बोट ठेवून म्हणाली, हे काय?
मरळु. वाळू.
आणि हे, शेवटचं?
मरळि बन्नि. परत या.
म्हणजे वाळूला आणि परतण्याला एकच शब्द?
आप्पांनी ताटाभोवतीचं पाणी पुसलं,
उत्तर दिलं नाही.

आता आप्पा नाहीत.
आमच्या उताऱ्यावर अजून ती पाठ आहे,
सव्वा एकर, आदगोंडा पायगोंडा कुसनाळे.
जागेवर गेलं तर छातीभर पाणी.
आणि पलीकडं, चंपक्काच्या काठाला लागून
कोरी मळी, अजून कुठल्याच कागदावर न चढलेली.
तिनं काकड्या लावल्यात.

तलाठी नावेतनंच ओरडतो, ही जमीन कुणाची?
चंपक्का एक काकडी मोडते,
अर्धी त्याला देते.
"वरच्या अंगाला विचार. तिकडनं आलीय.
आणि लवकर खा,
ती थांबायची नाही."