हातचा

पन्नास हजार सोम.
पत्र आलं तेव्हा तिलेकने शून्यं दोनदा मोजली,
मग वही माझ्याकडे सरकवली: तुझं अक्षर बरं आहे.
एवढ्यावर मी खजिनदार झाले,
वय सतरा वर्षं, चार महिने.

अर्जात लिहिलं होतं: ओढ्यावर पूल.
लांबी सहा मीटर, रुंदी ऐंशी सेंटीमीटर.
शाळेच्या पोराला दप्तरासकट ऐंशी पुरतात
आणि पैसेही ऐंशीतच बसत होते.
बिश्केकच्या बाईंनी फोनवर विचारलं, पूलच का?
नुरगाझी म्हणाला, पलीकडे शाळा आहे.
पलीकडे कुरणही आहे,
आणि टेकडीवर कबरस्तान.
पण फॉर्ममध्ये दोनच ओळी होत्या.

पहिला खर्च: जुन्या ट्रकची चासी.
किंमत एक मेंढी.
पावती?
सूरोनबाय काका हसले. मेंढीला विचार, म्हणाले.

वेल्डिंगच्या दिवशी एशिमकुल म्हातारा आला,
डोक्यावर पांढरी टोपी, हातात काठी, टेप नाही.
चार पोरांना म्हणाला, ती शिडी घ्या खांद्यावर.
दोघे पुढे, दोघे मागे.
आता चला या फळीवरून.
तिसऱ्या पावलाला दोघे पाण्यात.
आम्ही पोट धरून हसलो.
बेरमेत तर खालीच बसली.

तो हसला नाही.
गेल्या मे महिन्यात, बर्फ वितळत असताना,
त्याच्या बायकोला इथूनच नेलं होतं,
पाणी माणसांच्या कमरेला.
एवढंच म्हणाला: नमदा भिजला होता तिचा,
एका कडेने.

त्या संध्याकाळी कुणी ठराव मांडला नाही.
कुबातने खडूची जुनी रेघ पुसली
आणि नवी मारली. दीड मीटर.

अकरा हजार चारशे कमी पडले.
तिलेकने फोन विकला, आईला सांगितलं हरवला.
बेरमेतच्या घरचे कुरुत बाजारात गेले, दोन पोती.
कुबात म्हणाला, मजुरी बटाटे निघाल्यावर.
मी वहीत लिहीत गेले
आणि प्रत्येक ओळीपुढे पावतीची जागा
रिकामी, पांढरी, माझ्याकडे बघत राहिली.

आता अहवाल.
लाभार्थी किती? मुलगे, मुली.
गाईंचा रकाना नाही.
खांदा देणाऱ्यांचाही नाही,
आणि ज्यांना खांदा दिला जाईल
त्यांना मुलगे म्हणू की मुली?
मंजूर आराखड्यात बदल केला असल्यास कारण द्या.
कारण:
इथे मी तीन दिवस थांबले आहे.

शिल्लक साठ सोम.
परत पाठवायचे तर बँक शंभर घेते.
शिवाय ते साठ कुणाचे, फंडाचे की तिलेकच्या फोनचे?
नुरगाझी म्हणतो, सूर्यफुलाच्या बिया आण.

लहानपणी बेरीज शिकवताना बाई सांगायच्या,
हातचा वरती बारीक लिहा,
उत्तर आलं की खोडून टाका.
मी मेंढी लिहिली वरती, बारीक.
फोन लिहिला, दोन पोती कुरुत लिहिले,
कुबातचे अजून न निघालेले बटाटे.
ताळा जुळला.
खोडायचं मात्र राहून गेलं.

शुक्रवारी म्हातारा टेकडीवर जातो.
मी शाळेच्या खिडकीतून पाहते:
पुलाच्या अगदी मधोमध चालतो,
कठड्याला हात लावत नाही,
दोन्ही बाजूंना जागा सोडून,
एकेका माणसाएवढी.
मागून एक वासरू येतं, तेही मधून.

सही केली आहे.
शिक्का गाव कार्यालयात असतो,
आणि कार्यालय सोमवारपर्यंत बंद.