वर आणि खाली

बॅलार्ड इस्टेट, जाळीच्या दाराची लिफ्ट.
तळमजला ते तिसरा : बावीस सेकंद.
तेवढ्यात एक शब्द बसतो,
सॉलिसिटरकडच्या यास्मिन घारेनं घड्याळ लावून काढलंय.

म्हणाली, मोंडकरकाका, तुम्हांला काय कठीण?
अप आणि डाऊन तर तुमचेच.

होते माझेच.
सव्वीस वर्षं हँडल उजवीकडे अप, डावीकडे डाऊन,
त्यापलीकडे दोघांनी कधी पाऊल टाकलं नाही.
आता कळतंय त्यांचे बाहेरचे धंदे.
गिव्ह अप : वर देणं नव्हे, हात टेकणं.
शट अप : तोंड मिटणं, त्यात वर काय आलं?
लिफ्ट अडकली की ब्रेक डाऊन,
माणूस ढसाढसा रडला तरी ब्रेक डाऊन,
मेकॅनिक मात्र एकालाच मिळतो.

ब्रेक अप म्हणाली एकदा
आणि अर्थ सांगितलाच नाही.
मीही विचारला नाही.
तिसरा आला, जाळी सरकवली.

हे असं का गं, बाई, शेपट्या लावून बोलतात?
तर म्हणाली, आपण नाही म्हणत
किल्ली हरवून बसलो?
बसतं कोण, काका?
आणि देऊन टाकलं, ते टाकतो कुठे?

दिवसभर मग रिकामी लिफ्ट आणि मी
बोलून गेलो, ऐकून घेतलं, राहून गेलं.
घरातलीच माणसं,
कधी नाव विचारलं नव्हतं त्यांना.

जुलैत मालकांचं पत्र आलं. नवी लिफ्ट, बटणांची.
खाली एक ओळ, लेट यू गो.
मी स्वतःच सोडवली :
लेट म्हणजे देणं, गो म्हणजे जाणं.
जाऊ देतायत!
गणपतीची रजा मंजूर झाली,
देवगडच्या गाडीचं कधी काढायचं,
हे सगळं दुसऱ्या मजल्यापर्यंत ठरवून झालं.

यास्मिननं पत्र वाचलं.
घडी घातली, पुन्हा उघडलं.
तिसरा आला, मी जाळी उघडली,
ती उतरेना.
म्हणाली, खाली घ्या काका.
खाली आलो. म्हणाली, वर.

चौथ्यावरून कोणीतरी घंटी दाबून धरली होती.
तिसऱ्या फेरीला तिनं अर्थ सांगितला,
पत्राकडे बघत, हळू.

मी म्हटलं, जाऊ दे.

आणि मग माझं मलाच हसू आलं.
सबंध वर्षात हाच एक
शब्दाला शब्द लागला होता.