टाय

सकाळी सात वीसला पाणी सर्वांत खाली जाईल,
सुनिल्दानं फोनवर सांगितलं होतं,
आणि उशीर करू नकोस, समुद्राला घड्याळ कळतं, मुलाहिजा कळत नाही.
कास्त्रोहून मी अंधारातच निघाले.
मागच्या सीटवर तिवई, दोन कॅमेरे
आणि तिनं बजावून आणायला लावलेले कोरडे मोजे.

चिलोएच्या या काठावर एके काळी सफरचंदाची बाग होती.
साठ सालच्या भूकंपात जमीन खचली,
मीठ आत आलं, झाडं उभ्या उभ्या वाळली.
आता ओहोटीला तेवढे बुंधे वर येतात,
काळे, कालवांनी लगडलेले.

त्यातल्या तिसऱ्यापाशी तिच्या लग्नाचा फोटो निघाला होता,
भूकंपाच्या आदल्या वर्षी.
होडीतून बेटं फिरणारा कुणी फोटोवाला.
एलेउतेरिओकडे टाय नव्हता;
तो नंतर ब्रशनं रंगवला, निळा,
सुनिल्दाच्या गालांवर गुलाबी, जरा जास्तच,
आणि मोबदल्यात दोन पोती बटाटे.

चुलीवर टांगून टांगून
त्या फोटोचा चहा झालाय.
टाय अजून निळा आहे.

आज तेवीस जण आलेत, सगळे गमबुटात.
चार महिन्यांचं बाळ. न बोलावलेलं कुत्रं.
मी म्हणते, डावीकडे सरका.
कुणी सरकत नाही, बूट रुतलेत.
म्हातारा बुंध्यावर बसतो
आणि ताडकन उठतो, कालवं टोचली.
हशा.
तोच फोटो सगळ्यांत चांगला आला,
पण ते मला घरी गेल्यावर कळलं.

मधल्या रांगेत हातभर जागा मोकळी आहे.
रेमिखिओची. तो पुंता आरेनासला, नऊ वर्षं झाली.
मी हळूच म्हटलं, त्याचा एखादा फोटो द्या,
आणून बसवते इथे, कळणारसुद्धा नाही.
सुनिल्दा बुटाचा चिखल दगडाला पुसत राहिली.
मला कळेल ना, म्हणाली.
राहू दे तशीच.
आला की बघेल तो, कुठे उभं राहायचं ते.

तेवढ्यात पाणी घोट्याला लागलं.
बाळ, कुत्रं, खुर्ची, सगळी वरात काठाकडे.

एलेउतेरिओ तेवढा गाडीपर्यंत मागे आला,
बायकोच्या कानावर जाणार नाही अशा बेतानं:
टाय घालशील?
अजूनही नाहीये माझ्याकडे.

जाड सुती कागदावर छापला,
वाळू दिला दोन दिवस.
मग बारीक ब्रश घेऊन बसले.
गाठ जमेना. आरशासमोर ओढणी गळ्यात बांधली,
सोडली, पुन्हा बांधली,
तेव्हा कुठे कळलं सावली कुठल्या बाजूला पडते.

दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून दोऱ्यानं आवळलं,
वर लिहिलं: दुमडू नये. भिजवू नये.
बसच्या ड्रायव्हरनं ते मोठ्यानं वाचलं,
बाहेर पाहिलं.
अकरा दिवस पाऊस थांबला नव्हता.
काही न बोलता त्यानं स्वेटर वर केला
आणि पाकीट आत सरकवलं, पोटाशी.