मुरारच्या गिरजाचं मोजमाप

टेपचं एक टोक पास्कलच्या हातात,
दुसरं माझ्या.
मधे एकशे अठ्ठावन्न फूट गारवा.
ऐन मे महिन्यात, पिवळ्या दगडाच्या पोटात
एवढी थंडी कुणी साठवून ठेवली
हे विचारायचं म्हणून मी वर बघते
आणि मान दुखेपर्यंत विचारायचं विसरते.

वहीत लिहिते :
खांब चोवीस. कमानी टोकदार.
छताच्या फासळ्या खांबाखांबातून निघून
मध्यावर एकेका दगडी फुलात अडकलेल्या.
फुलं अकरा. त्यातली दहा कमळं.
अकरावं कसलं ते पास्कलला विचारते.
"कोबी," तो म्हणतो, अगदी गंभीरपणे.
लिहिते : अकरावं अनिश्चित.

फादर तिर्कींनी सकाळी मूळ नकाशा दाखवला,
कापडावर डकवलेला,
वेदीची डावी बाजू उंदरांनी खाल्लेली.
काढणारा पाद्री समुद्रापलीकडचा,
मापं मीटरमध्ये, अक्षर मुंगीएवढं.
दगड घडवणारे मात्र इथले, किल्ल्याच्या पायथ्याचे :
नत्थू उस्ताद आणि त्याची चौदा माणसं.
त्यांच्याकडे गज, बोटं आणि ओळंबा.
मीटरचा गज कुणी केला, कुठल्या भाषेत,
कागदपत्रांत नाही.
एवढंच कळतं, की उत्तरेची भिंत आणि दक्षिणेची
वर जाऊन भेटायला निघाल्या
तेव्हा मधे चार बोटं उरली.

चार बोटं.
चुना भरला, शिसं ओतलं, वरून मंत्रलेलं पाणी शिंपडलं.
भेग तिथूनच निघते.

दारावरच्या गोल खिडकीत रंगीत काच बसायची होती.
कुण्या संताचं अख्खं आयुष्य, नऊ खोक्यांत,
आधी जहाजाने, मग रेल्वेने आलं.
स्टेशनवर पहिलं खोकं उचललं
आणि हमालानेच आवाज ऐकून खाली ठेवलं.
मग नत्थूने जाळी कोरली, सहा महिने,
आठ कोनांची चांदणी, चांदणीत चांदणी.
संताची गोष्ट आली नाही. उजेड आला.
बेतियाची म्हातारी फिलोमिना घड्याळ वापरत नाही;
चांदण्या तिसऱ्या बाकाशी पोचल्या
की जपमाळ काढते.

मनोरा एकसष्ट फुटांवर थांबतो.
पैसे संपले आणि पाद्री वारला, एकाच हिवाळ्यात,
आधी काय झालं यावर दोन मतं आहेत.
घंटा तेव्हापासून कडुनिंबाखाली,
लोखंडी चौकटीत. आत मुंगळे.

लहानपणी टांग्यातून इथून जाताना
आई पटकन हात जोडायची,
मग कुणी बघितलं का ते बघायची.
आत कधी आलो नाही.
आत यायला मला सरकारी पत्र लागलं.

दुपारी शिडीवर चढते.
भेगेवर आडव्या काचेच्या पट्ट्या, चुन्याने चिकटवलेल्या.
भिंत हलली की पट्टी तडकते.
आमच्या खात्यात हिला साक्षीदार म्हणतात.
एकोणीसशे एकतीस : तडकलेली.
अठ्ठावन्न : तडकलेली.
एकोणऐंशी, शं. मुजुमदार, ओव्हरसियर : शाबूत.
पण खालचा चुनाच सुटलेला,
म्हणजे ही साक्ष धरता येत नाही.

मुजुमदार, तुम्ही खाली उतरताना
काय वाटलं होतं तुम्हाला?
मला बोट घालून बघावंसं वाटतं.
घालते. करंगळी जाते, पेरापर्यंत.
आत वारा आहे, बारीक,
दोन मापांच्या मधला.

नवी पट्टी ठेवते, कडा दाबते,
खिळ्याने तारीख, खाली आद्याक्षरं.
पास्कल खालून ओरडतो, "किती दिवस टिकेल?"
काच की भिंत, हे तो सांगत नाही.

शिडीची तिसरी पायरी करकरते.
जमिनीवर चांदण्या दुसऱ्या बाकापर्यंत आल्यात;
फिलोमिना चपला काढून
अजून बाहेरच उभी.