बटाट्याची चकती

वारज्याच्या बाल्कनीत एक ट्रे, अठ्ठेचाळीस घरं,
अठ्ठेचाळीस मिरच्या. उगवल्या एकोणचाळीस.
मग रोज एखादी मान टाकू लागली.
मी रोज पाणी घातलं. अजून काय करणार माणूस?

चहावर चिलटं. चष्म्यावर चिलटं.
मुंढव्याचे नर्सरीवाले रासकर फोनवर म्हणाले,
"चिलटं सोडा. माती बघा.
रात्री कच्च्या बटाट्याची चकती ठेवा,
सकाळी उलटून पाहा."

सकाळी उलटली:
दोऱ्याचे तुकडे, पाण्याइतके पारदर्शक,
टोकाला शाईचा ठिपका. ते डोकं.
त्या डोक्यात एकच गोष्ट, मुळं.
मोजली. सतरा.
चकती कचऱ्यात टाकताना
उगीच रस्सा आठवला.

"आणि पाणी बंद," रासकर.
"किती दिवस?"
"तुमचा हात शिवशिवायचा थांबेपर्यंत."

आता वरची माती खारीसारखी कोरडी.
खाली ताटलीत पाणी, तेही दिवसाआड.
झारी शेजारच्या कुमुदिनीबाईंकडे ठेवली आहे,
मागितली तरी द्यायची नाही, या अटीवर.
काल मागितली. दिली नाही.

बावीस राहिल्या.
तेविसावी वाकडी आहे, पण मोजतो.